घुबड बसलेलं घर

लातूर जिल्ह्यात जंगल शोधायचं तर भिंग घेऊन निघावं लागतं. एकूण क्षेत्रफळाच्या एक टक्कासुद्धा ते भरत नाही. शेजारच्या नांदेडचं जरा बरं आहे. किनवट-माहूरकडे सागवान आहे, पैनगंगा आहे, सहस्रकुंडाचा धबधबा आहे, त्यामुळे वनखात्याला तिथे नकाशात हिरवा रंग भरायला मिळतो. तरी या दोन्ही जिल्ह्यांत घुबडांना तोटा नाही. झाडं नाहीत तर ती राहतात कुठे, असा प्रश्न ज्याला पडेल त्यानं आमच्याकडच्या एखाद्या जुन्या गावातून दिवेलागणीला एक चक्कर मारावी. गढीच्या बुरुजात, देवळाच्या शिखरात, बंद पडलेल्या जिनिंगच्या पत्र्याखाली, मोंढ्यातल्या गोदामात, महावितरणच्या खांबावर, अशी सगळी आपल्यातच राहतात. मराठवाड्यातलं घुबड हे रानातलं पाखरू नव्हेच. ते गावातलं आहे, फक्त गावानं त्याला गावकीत कधी घेतलं नाही.

त्यातला सगळ्यात ओळखीचा पिंगळा. वीतभर उंची, पाठीवर पांढरे ठिपके, डोळे पिवळेजर्द आणि पांढऱ्या भुवया कायम आक्रसलेल्या. लिंबाच्या ढोलीच्या तोंडाशी दुपारी नवरा-बायको ऊन खात बसलेली दिसतात. आपण खाली उभं राहून वर पाहिलं, की जेवणाच्या सुट्टीत खिडकीशी आलेल्या माणसाकडे कारकून बघतो तसं ते बघतं. मग अंग खाली घेतं, एकदम वर उचलतं, पुन्हा खाली, मान डावीकडे, मान उजवीकडे. आपल्याला वाटतं चिडलं. ते बिचारं अंतर मोजत असतं. घुबडाचे डोळे खोबणीत घट्ट बसवलेले असतात, आपल्यासारखे इकडेतिकडे फिरत नाहीत. म्हणून सगळी कामं मानेला करावी लागतात. त्या मानेत मणके चौदा, आपल्या दुप्पट, आणि ती पाऊण वर्तुळ फिरते. आमच्या गल्लीत एवढी मान फक्त कोपऱ्यावरच्या काकूंना फिरवता यायची, तीही मणक्यांच्या मदतीशिवाय.

शास्त्रज्ञांनी या पिंगळ्याला ‘अथीनी ब्रामा’ असं नाव दिलं आहे. अर्धं नाव ग्रीकांच्या देवीचं, अर्धं आपल्या ब्रह्मदेवाचं. एवढी मोठी दोन नावं लावून हा गृहस्थ रात्री करतो काय, तर नगरपालिकेच्या दिव्याखाली किडे वेचतो. मृगाचा पहिला पाऊस पडून गेला की वाळवीला पंख फुटतात आणि दिव्याभोवती त्यांची झुंबड उडते. त्या रात्री खांबावरचा पिंगळा हलत नाही. खाली झेप, एक उचलला, परत जागेवर. पंगतीत बसलेला माणूस तरी मध्ये पाणी पितो.

या पक्ष्याचं नाव लावून फिरणारा माणूसही आमच्याकडे होता, अजूनही एखाद्या गावात दिसतो. कोंबडं आरवायच्या आधी हातात कंदील, डोक्याला पागोटं, खांद्यावर घोंगडी, असा पिंगळा कुडमुडं वाजवत गल्लीत यायचा. त्याला पिंगळ्याची बोली कळते असं सगळे मानत. नाथमहाराजांनी पैठणला बसून या पिंगळ्यावर भारूड रचलं, त्यावरून हा धंदा किती जुना ते समजावं. आता गंमत बघा. रात्री दीड वाजता खिडकीशी पिंगळा चिरकला की आज्जी अंथरुणात उठून बसायची आणि “हुसका रे त्याला” म्हणायची. त्याच पिंगळ्याचं म्हणणं पहाटे साडेचारला कंदीलवाल्यानं येऊन सांगितलं, की सुपातून जोंधळे घेऊन दाराशी जायची. कंदीलवाला कधी वाईट सांगत नसे. पोराला नोकरी लागंल, म्हैस गाभण राहील, औंदा पाऊस बरा हाय. पाखरू एवढं चांगलं बोलत असेल तर त्याला हुसकायचं का, असं आज्जीला विचारायची घरात कुणाची छाती नव्हती.

एक गोष्ट मात्र सगळ्या पोरांना पाठ होती. घुबडाला दगड मारायचा नाही. मारलेला दगड ते उचलतं, पाण्यावर नेतं आणि भिजवून भिजवून झिजवत बसतं. दगड जसजसा झिजेल तसतसा मारणारा झिजत जातो. वर्गात एखादं पोरगं काडीपहिलवान असलं की त्यानं कधीतरी घुबडाला दगड मारलाच असणार, असं आम्ही धरून चालत असू. विज्ञानवादी मंडळी या समजुतीला हसतात. मी हसत नाही. पाखरं राखण्यासाठी एवढा बिनखर्चाचा आणि एवढा पाळला गेलेला कायदा मी दुसरा पाहिलेला नाही. १९७२ सालचा वन्यजीव संरक्षण कायदा घुबड मारायला, धरायला, विकायला मनाई करतो, पण गलोल घेऊन हिंडणाऱ्या पोरांना तो कुणी वाचून दाखवला होता? त्यांना दगडाचा कायदा ठाऊक होता. चिमण्या पडल्या, होले पडले, सरड्यांची तर गणतीच नको. पिंगळ्याच्या वाटेला कुणी गेलं नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. १२ एप्रिलला पहिली गाडी आली ती पाच लाख लिटर घेऊन. खरं तर तेव्हा घुबडाला खुशाल दगड मारावा, भिजवायला पाणी ते कुठून आणणार होतं? तरी कुणी मारला नाही. कायद्याचा वचक म्हणतात तो असा.

दुसऱ्या काही समजुती मात्र घुबडाच्या जिवावर उठतात. मोठ्या शृंगी घुबडाला कोंडून चार दिवस उपाशी ठेवलं की ते माणसाच्या आवाजात बोलतं आणि पुढचं सांगतं, असं मानणारे लोक आहेत. चार दिवस उपाशी ठेवल्यावर कुणीही बोलेल, आणि काय बोलेल ते ऐकायला घुबडाची गरज नाही. गढ्यांच्या मुलखात गुप्तधनाचं वेड मुरलेलं असतं. मांत्रिक येतो, अमावस्या ठरते, लिंबू, नारळ, आणि यादीत मध्येच कुठेतरी घुबड. ‘ट्रॅफिक’ या वन्यजीव व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेनं २०१० साली अहवाल काढला. देशात घुबडांच्या तीसेक जाती, त्यातल्या पंधरा चोरट्या बाजारात सापडल्या, आणि दिवाळीच्या सुमाराला मागणी चढते. ज्या रात्री लक्ष्मीची पूजा करायची त्याच रात्री तिचं वाहन कापायचं, हा हिशोब कुठल्या चोपडीत बसतो ते मला कळलेलं नाही. २०१३ मध्ये राज्यात जादूटोण्याविरुद्धचा कायदा आला. त्याच वर्षी, २० ऑगस्टला, त्यासाठी झटलेल्या डॉ. दाभोलकरांचा खून झाला होता. या विषयात विनोद इथवरच चालतो.

रात्री जागणाऱ्याला नावं ठेवायची सोय तशी लातुरात उरलेलीही नाही. इतर गावांत आई पोराला म्हणते, “घुबडासारखा जागू नको, झोप.” लातुरात रात्री अकराला झोपणाऱ्या पोराची आई काळजीत पडते. अभ्यासिकांचे दिवे दोन-दोन वाजेपर्यंत चालू, खाली चहाचा गाडा चालू, वर खिडकीत नीटचा अभ्यास करणारं पोरगं आणि समोरच्या विजेच्या तारेवर पिंगळा. दोघेही मान न हलवता एकाच दिव्याकडे बघत असतात. फरक एवढाच की पिंगळ्याचा रोजचा पेपर रोज सुटतो.

मोंढा ही मात्र गव्हाणी घुबडाची जहागीर. हे घुबड एकदा पाहिलं की विसरत नाही. पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचं पांढरं तोंड, त्यात दोन काळे डोळे, अंगावर सोनेरी-राखी शाल आणि खाली लांब पाय. ते घुमत नाही, किंचाळतं. रात्री पांढरं काहीतरी आवाज न करता डोक्यावरून जातं आणि पुढे जाऊन किंचाळतं, म्हणजे हडळ पाहिल्याची निम्मी प्रकरणं इथेच निकाली निघावीत. आवाज न होण्याचं कारण पंखांत आहे. पहिल्या पिसाच्या कडेला बारीक दातेरी झालर असते, ती वारा कापून मऊ करते. कान तर त्याहून नामी. दोन्ही एका पातळीत नाहीत, एक वर, एक खाली. उंदराची खसफस एका कानाला कणभर आधी पोचते, दुसऱ्याला कणभर नंतर, आणि एवढ्या फरकावरून मिट्ट काळोखात उंदीर कुठल्या कट्ट्यामागे आहे हे त्याला कळतं. नांदेडचा जुना मोंढा असो की लातूरची आडत, तूर, हरभरा, सोयाबीन यांच्या थप्प्या जिथे लागतात तिथे उंदीर आलाच, आणि उंदीर आला की हा बिनपगारी पहारेकरी आलाच. रात्रीचे दोन-तीन उंदीर तरी तो खातो. पिलं असली तर विचारायलाच नको.

खाल्लेल्याची पावतीही देतो. उंदीर अख्खा गिळायचा, मांस पचवायचं, आणि हाडं-केस यांची गुठळी करून तोंडावाटे खाली टाकून द्यायची, अशी त्याची रीत. आमच्या ओळखीच्या एका गोदामात तुळईखाली अशा काळपट गुठळ्यांचा सडा असतो. एक उचलून लिंबाच्या काडीनं फोडली. वरून लाखेचा हात दिल्यासारखी चकचकीत, आत नुसते राखाडी केस. केस बाजूला केले तर आत उंदराची कवटी, शाबूत. नखापेक्षा जरा मोठी. पुढचे दोन पिवळे दात जागच्या जागी, आणि शेजारी दुसऱ्या एका जबड्याचा अर्धा तुकडा. म्हणजे त्या रात्री किमान दोन. हमाल शेजारी उभा राहून बघत होता. म्हणाला, “शेट मांजर पाळतेत, दूध घालतेत. मांजर दूध पिऊन झोपायलंय आन् काम ह्ये करायलंय.”

याच घुबडाची पिलं घरातल्या भुताला जन्म देतात. मादी एका दमात अंडी घालत नाही. दोन-तीन दिवसांआड एकेक घालते, आणि पहिल्यापासूनच उबवायला बसते. त्यामुळे थोरलं पिसं झटकत असतं तेव्हा धाकट्याचे डोळेही उघडलेले नसतात. ही सगळी माळवदाखाली नाहीतर बळदाच्या तोंडाशी बसून भूक लागली की घोरल्यासारखा, फुसफुसल्यासारखा आवाज काढतात. बंद वाड्यात रात्री कुणीतरी घोरतंय. खाली उभ्या असलेल्या माणसानं काय समजायचं? वाड्याचा मालक तर वारून दहा वर्षं झालेली.

आणि इथे आमच्या लोकांचा घुबडावरचा मुख्य आरोप येतो. घुबड बसलं की घर ओस पडतं. आरोप जुना, साक्षीदार भरपूर, आणि पुरावा तर डोळ्यांपुढे. गावातल्या ज्या ज्या घरावर घुबड बसतं ते ते घर ओस आहेच. आरोपीचा वकील म्हणून माझं म्हणणं एवढंच की तारखा तपासाव्यात. आमच्याकडची घरं कशी होती? हातभर-दोन हात रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, त्यात देवळ्या, भिंतीच्या पोटात धान्याची बळदं, वर मातीचं माळवद आणि उजेडाला साणं. घुबडाला यातलं सगळं हवंच असतं, फक्त खाली माणसांची वर्दळ नको असते. ती वर्दळ कमी झाली कशानं? कुणी रझाकारांच्या काळात गाव सोडलं ते परतलं नाही. कुणाची वाटणी झाली आणि भिंतीच्या मधोमध भिंत आली. बहात्तरच्या दुष्काळानं काही हलले, थोरला पुण्याला लागला, धाकटा त्याच्या मागोमाग. शेवटी म्हातारी एकटी उरली, तिलाही कुणीतरी येऊन घेऊन गेलं. दाराला कुलूप लागलं, पुढच्या पावसात माळवद गळलं, त्याच्या पुढच्या पावसात तुळई वाकली, आणि मग कधीतरी एका संध्याकाळी घुबड आलं. गावानं बघितलं ते फक्त घुबड. गेलेली माणसं एसटीनं सकाळी सातला गेली होती, तेव्हा सगळे आपापल्या कामात होते.

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हलली. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक नुकते झोपले होते. त्याच रुंद भिंतींनी आणि त्याच जड माळवदांनी हजारो माणसं गाडली. पुढे कितीतरी गावं नव्या जागी वसली. सिमेंटची घरं, सरळ भिंती, मोजून खिडक्या. त्यात देवळी नाही, बळद नाही, साणं नाही, आणि कुणी ती मागितलीही नाहीत. ज्यानं ती रात्र पाहिली त्याला जुन्या भिंतीची ओढ कशी वाटावी? जे वाडे तगले त्यांच्यातही लोक झोपेनात, अंगणात पत्रे टाकून राहिले. रिकाम्या भिंती मग ज्यांना भूकंपाची भीती नव्हती त्यांच्या वाट्याला आल्या. त्या दिवसांत “घुबड लई बोलत हुतं” असं कुणी म्हणालं तर मी त्यांच्याशी वाद घातला नाही. एवढं मोठं दुःख कुणावर तरी टाकावंच लागतं.

बाकीची घुबडं गावापासून जरा फटकून असतात. शृंगी घुबडाला मुरमाची जुनी खाण, ओढ्याची दरड, माळावरचा कडा असं काही लागतं. दोन फुटी देह, डोक्यावर उभ्या पिसांची शिंगं, शेंदरी डोळे. घरटं वगैरे भानगड नाही, दरडीच्या आडोशाला उघड्या जमिनीवरच अंडी. तिन्हीसांजेला त्याचं ‘बू-हूऽ’ घुमलं की माळावरचा ससा आणि सड्यावरून परतणारा मोटारसायकलवाला दोघेही वेग वाढवतात. या घुबडाचा पुण्याच्या इला फाउंडेशनच्या डॉ. सतीश पांडे यांनी वर्षानुवर्षं अभ्यास केला आहे. पुरंदर तालुक्यातल्या पिंगोरीला त्यांच्या संस्थेनं घुबडांचा उत्सवच सुरू केला, त्यात शाळेची पोरं घुबडाचे मुखवटे घालून नाचतात. आमच्या आज्जीला हे दाखवायला पाहिजे होतं. आमराईत राहणारं रानघुबड दिवसा फांदीत फांदी होऊन बसतं, ते दिसलं तर आपलं नशीब. पाण्याकाठच्या जुन्या झाडांवर हुमण घुबड असतं. त्याच्या पायांवर पिसं नाहीत, कारण मासे-खेकडे धरायला पाण्यात पाय घालावे लागतात. आखूडकानी घुबड हिवाळ्यात उत्तरेकडून येऊन राज्यातल्या माळरानांवर उतरतं आणि उन्हाळा लागला की परत जातं. मराठवाड्याचा उन्हाळा टाळण्याची अक्कल असलेला हा एकच घुबडवंश.

वनपिंगळ्याचं नाव मात्र घेतल्याशिवाय राहवत नाही. त्याचं शास्त्रीय वर्णन १८७३ साली ज्या ह्यूमसाहेबांनी केलं तेच पुढे काँग्रेसच्या स्थापनेतले ह्यूम. पक्षी १८८४ मध्ये खानदेशात शेवटचा हाती लागला आणि मग जो गडप झाला तो ११३ वर्षं. मधल्या काळात एका इंग्रज कर्नलानं आपण तो १९१४ साली मिळवल्याचं सांगितलं होतं. पुढे निघालं की तो नमुना संग्रहालयातून ढापलेला, नवी चिठ्ठी लावलेला. शेवटी १९९७ च्या नोव्हेंबरात पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना तो शहाद्याजवळ झाडावर बसलेला दिसला, जणू मध्ये काही झालंच नाही. नांदेड-लातूरनं या राज्याला चार मुख्यमंत्री दिले, चारही तेव्हा ह्यूमसाहेबांच्या पक्षाचे. पण ह्यूमसाहेबांचा पिंगळा गेला शहाद्याला. प्रादेशिक अनुशेष म्हणतात तो हाच असावा.

हल्ली घुबडाला बरे दिवस आलेत, पण चिनीमातीच्या. चष्मा लावलेलं घुबड पोरांच्या दप्तरावर असतं, दिवाणखान्यात शोभेला असतं, आणि त्याच घराच्या गच्चीवर खरं घुबड बसलं की फटाका लावतात. शेतात हरभऱ्यावरच्या घाटेअळीसाठी कृषी खातं ‘टी’ आकाराचे पक्षीथांबे लावायला सांगतं. दिवसा त्यावर कोतवाल बसतो, रात्री त्याच काठीवर पिंगळा बसतो. पण त्याच बांधावर उंदराला विषाचं आमिष ठेवलेलं असतं, विष खाऊन झिंगलेला उंदीर घुबडाला आयता सापडतो, आणि पुढच्या वर्षी उंदीर आणखी वाढले म्हणून शेतकरी आणखी विष आणतो.

आमच्या बप्पांनी औसा तालुक्यातला वाडा विकायला काढला, तेव्हा हे सगळं एका बैठकीत निघालं. गिऱ्हाईक म्हणजे लातूरचा एक आडत्या. सोबत दलाल. वाडा बघून झाला, माडी बघून झाली, आणि दलालानं मान वर केली. तुळईवर गव्हाणी घुबड डोळे मिटून उभं होतं.

“बप्पा, आधी सांगायचं की वो,” दलाल म्हणाला. “असलं बसलेल्या घराला भाव कसा द्यावा मानसानं?”

“आरं, लक्ष्मीचं वाहन हाय त्ये,” बप्पा म्हणाले. “लोकं फोटो लावतेत. हितं जित्तं हाय. उलट धा रुपये जास्त द्या.”

“लक्ष्मी असती तर इकायला काढला असता का वाडा?”

यावर बप्पांकडे उत्तर नव्हतं. तास-दीड तास घासाघीस चालली. भिंतीच्या चिरा, माळवदाची गळती, रस्त्याची रुंदी हे सगळे मुद्दे दोन-दोन मिनिटांत संपले. घुबडावर पाऊण तास गेला. आडत्या सगळा वेळ गप्प, दलालच बोलत होता. शेवटी घुबडापोटी पन्नास हजार उतरले. इसार पावती झाली, चहा झाला. दाराशी चपला घालता घालता आडत्यानं पहिल्यांदा तोंड उघडलं.

“बप्पा, त्ये बारा म्हैने हितंच असतंय का?”

“असतंय की. जोडी हाय. का?”

“न्हाई, हितं हरभऱ्याचे कट्टे लावायचेत. मोंढ्यातल्या गोदामात उंदरानं लई नास केलाय.” त्यानं एकदा वर तुळईकडे पाहिलं. “पाडकाम करताना ती बाजू सोडून देतो. जाऊ नये म्हनून इचारलं.”

बप्पा दोन क्षण त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. “मग ते पन्नास हजार काढा की वो शेट.”

आडत्यानं इसार पावतीची घडी घातली आणि वरच्या खिशात ठेवली.

“इसार झाला, बप्पा.”